उताराची बाजू

काल मांडववाला आला आणि दारातला मांडव सोडून घेऊन गेला. ताडपत्री उतरली आणि तिच्यामागं इतके दिवस झाकलेला आपला छोटा ट्रॅक्टर पुन्हा समोर आला. तोंडापुढं ते लोखंडी पातं, तुम्ही चढवून ठेवलं होतं तसंच. भेटायला आलेली माणसं ताडपत्रीमागं जाऊन त्याला टेकून उभी असायची, कुणीतरी वर टोपीच विसरून गेलंय. मी ओसरीवर बसून बघत राहिले. रडू नाही आलं. दमलेय मी. आलेल्या प्रत्येकाला कसं झालं, कुठं झालं, शेवटी काय बोलले, हे पहिल्यापासून सांगायचं, आणि तो उठून गेला की पुढच्याला परत पहिल्यापासून. आता सांगायला कुणी उरलं नाही म्हणून तुम्हाला सांगते.

पेपरात तुमचा फोटो आला. सुभेदाराच्या ड्रेसवरचा, मिशा पिळलेल्या. खाली तुमची नोकरी, तुम्ही कुठं कुठं होता, सगळं बरोबर होतं. पण वाचताना वाटलं की हा माणूस मी फक्त सुट्टीवर आलेला बघितलाय.

खरंच तसंच होतं की. लग्नानंतर किती वर्षं तुम्ही बर्फात आणि मी द्राक्षबागेत. तुम्ही तिकडं रस्त्यावरचं बर्फ काढायची गाडी चालवायचा. मला बर्फ माहीत म्हणजे जत्रेतल्या गोळ्याचं. एकदा सुट्टीवर आला होता, तेव्हा जेवता जेवता मला ताटातच शिकवलंत. भाताचा ढीग केला, चमचा आडवा धरून सरळ ढकलला. भात चमच्यापुढं साचला आणि चमचा अडला.

"हे बग. सरळ ढकललं की पुढं ढीग व्हतो आन् गाडी थांबती. आता तिरका धरतो." चमचा तिरका केला तसा भात एका कडेनं सांडत गेला आणि ताटात मधोमध वाट पडली.

"आन् कडंला काय आसतं?" मी विचारलं.

"कडंला दरी. तितं कोन ऱ्हातंय?"

तुम्ही हसलात आणि वाट खाऊन टाकलीत. तुमच्या तिकडच्या आयुष्यातलं मला एवढंच दिसलं होतं, ताटाएवढं.

मग तुम्ही कायमचे घरी आलात. बागेच्या ओळींतून फिरेल असा हा बुटका ट्रॅक्टर घेतलात. माणूस घरात असायची सवय दोघांनाही नव्हती. तुम्ही पहाटे उठून अंगण झाडायचा, मी झाडलेलं परत झाडायचे. दुपारी तुम्ही काहीतरी बोलायला यायचा आणि मी नेमकी निवडत-टिपत असायचे. भांडण नव्हतं, पण दोन पाहुणे एका घरात राहावेत तसं चाललं होतं. मग तो पूर आला.

पाणी उतरल्यावर आपण शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीतून घरी आलो तो दिवस आठवतो? गल्ली ओळखू येत नव्हती. गुडघ्याएवढा काळा गाळ, त्यात कडबा, कुणाचं तरी पत्र्याचं कपाट, फुगलेलं सोयाबीन, मेलेले मासे. वास असा की पदर नाकावरून काढवत नव्हता. खोदाईचं मोठं मशीन मेन रस्त्यावरनं फिरलं आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. ड्रायव्हर म्हणाला, आत शिरलो तर दोन्हीकडच्या भिंती घेऊन बाहेर येईन. आणि निघून गेला. बाया घमेल्यानं गाळ उपसत होत्या. उपसलेलं परत वाहून येत होतं. तुम्ही गल्लीच्या मधोमध उभे राहून बराच वेळ बघत होता. मला वाटलं, खचला. आणि तुम्ही म्हणालात, "बर्फच हाय की ह्ये. काळं बर्फ."

दुसऱ्या दिवशी आपण आष्ट्याला रज्जाक मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये होतो. मी कशाला आले होते? घरात चूल पेटण्यासारखी नव्हती, म्हणून आले. मिस्त्रींकडं कारखान्यातल्या भंगारातला एक मोठा पाइप पडला होता. तुम्ही त्याला उभा चिरायला लावलात, म्हणजे पात्याला आपोआप बाक आला. मधोमध एक जाड खिळा, त्याभोवती पातं डावीउजवीकडं वळणार. मागं अर्धगोल पट्टी, तिला भोकं. ज्या भोकात पिन घालाल त्या कोनात पातं अडकणार. तुम्ही खडूनं फरशीवर काढत होता, आणि मी टेपचं एक टोक धरून बसले होते. तुमचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता.

पहिल्यांदा पातं सरळ ट्रॅक्टरच्या नाकालाच बसवलंत. मिस्त्री नको म्हणत होते. वर्कशॉपमागच्या ढिगाऱ्यावर चालवून बघितलं, आत गाडलेला दगड लागला आणि नाकाची पट्टी कागदासारखी दुमडली. मिस्त्री म्हणाले, "सुभेदार, बकरीच्या शिंगाला बैलाचा नांगर बांदल्यागत झालं ह्ये."

तुम्ही ऑइलच्या डब्यावर जाऊन बसलात. हात काळे, मान खाली. मला तेव्हा कळलं की तुम्हाला ते नुसतं गाळासाठी नको होतं. गावात परत आल्यापासून तुम्हाला कुणी काही विचारत नव्हतं. झेंडावंदनाला पुढची खुर्ची द्यायचे, तेवढंच. तुम्हाला येत असलेली एक गोष्ट इथल्या मातीत उपयोगाला यावी, एवढं मागणं होतं तुमचं, आणि तेही दुमडलं.

मी जवळ येऊन विचारलं, "तिकडच्या गाडीला पातं कुटं जोडलेलं आसायचं?"

"पुडंच की."

"पुडं दिसायचं. पर जोडलेलं कुटं?"

तुम्ही वर बघितलंत. मग उठून ट्रॅक्टरखाली उताणे झोपलात. आतनं तुमचा आवाज आला, "मिस्त्री, दोन लांब लोखंडी च्यानल आना! पोटाखालनं मागच्या एक्सलपातुर घेऊ. धक्का नाकावर नगो, पाठीवर घ्यायचा."

त्या दिवशी मिस्त्रींचं वेल्डिंग आणि तुमचं बोलणं दोन्ही थांबेना. दगड लागला तर पातं मागं झुकावं म्हणून जुन्या जीपच्या स्प्रिंगा लावल्या. मागच्या हायड्रॉलिकच्या हातांना तार बांधून ती पोटाखालनं पुढं आणली, म्हणजे मागचे हात उचलले की पुढचं पातं उचलायचं. पुढं एवढं वजन झालं म्हणून मागच्या चाकांत पाणी भरलं. मी म्हटलं, पात्याच्या खालच्या कडेला रबर लावा, नाहीतर गाळाबरोबर गल्लीतले पेव्हरचे ठोकळे पण निघतील. तुम्ही म्हणालात, बर्फात रबर नव्हतं. मी म्हटलं, ह्यो बर्फ न्हवं. मिस्त्री हसले आणि कारखान्याच्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा घेऊन आले. आपल्या सगळ्या संसारात एवढा एक वाद मी सरळसरळ जिंकले.

तुमच्या डाव्या गुडघ्यानं क्लच दाबवत नव्हता. म्हणून ट्रॅक्टरवर मी बसले. बागेत चालवायचे, पण गल्लीतून, सगळ्यांसमोर, नववारीवर तुमचे गमबूट घालून पहिल्यांदाच. तुम्ही पात्याच्या पुढं उलटे चालत होता, हात वर करून मला खुणा करत होता. "आने दो... आने दो... बस! उठाओ!"

"मी काय तुमची पलटन हाय व्हय?" मी वरनं ओरडले. पायऱ्यांवरच्या बाया हसल्या. पूर आल्यापासून गल्लीत हसण्याचा आवाज पहिल्यांदा आला होता.

आणि मग तेच झालं जे मी ताटावर विचारलं होतं. गल्लीच्या कडेला दरी नसते. माणसांची दारं असतात. तिरक्या पात्यानं गाळ एका बाजूला सांडत गेला आणि वाट मोकळी होत गेली, पण त्या एका बाजूला भाऊजींचं दार होतं. तुमच्या सख्ख्या भावाचं. वाटण्या झाल्यापासून, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता. लग्नकार्यात गेलात तरी दोन वेगळ्या पंगतींना बसायचा. मी पातं उचलायच्या आत भाऊजींच्या उंबऱ्याला कमरेएवढा ढीग लागला.

भाऊजी दारात आले. ढिगाकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं. "दादा, सगळ्या गल्लीत माजंच दार घावलं व्हय रं तुला?"

तुम्ही म्हणालात, "उतार तिकडं हाय."

"उतार! सगळी वर्सं उतार माज्याकडंच कसा काय आस्तोय?"

मी ट्रॅक्टर बंद केला. तुम्ही पिन काढून दुसऱ्या भोकात घातलीत, पातं दुसरीकडं वळवलंत आणि मला खूण केलीत. मी पुढं निघाले. पण भाऊजींच्या दारातला ढीग तसाच राहिला.

संध्याकाळी शाळेतनं आलेली खिचडी खाताना मी विचारलं, "मुद्दाम केलं व्हय?" तुम्ही हात धुतलात आणि बाहेर जाऊन बसलात. मी परत विचारलं नाही. त्यानंतरच्या वर्षांत किती वेळा ओठांवर आलं होतं. विचारायला हवं होतं, नाहीतर तुम्ही सांगायला हवं होतं. दोन्ही नाही झालं.

सकाळी मी उठले तेव्हा तुमचं अंथरूण रिकामं होतं. बाहेर येऊन बघते तर तुम्ही भाऊजींच्या दारात, फावडं घेऊन. तिथं ट्रॅक्टर जात नव्हता, हातानंच काढायला लागणार होतं. गुडघ्याला पट्टा बांधला होतात. भाऊजींचं दार उघडलं. त्यांनी तुमच्या फावड्याकडं बघितलं. मग आत गेले, आणि मला वाटलं आता दार लावून घेणार. ते घमेलं घेऊन आले. तुम्ही भरायचं, त्यांनी नेऊन टाकायचं. ऊन वर येईपर्यंत चाललं होतं. जाऊबाईंनी दोन कप चहा आणून पायरीवर ठेवला. तुम्ही दोघांनी तो एकाच वेळी उचललात आणि वेगवेगळ्या दिशांना बघत प्यायलात.

दुपारपासून भाऊजी पात्याच्या पुढं काठी घेऊन चालायला लागले. गाळाखाली उघडी गटारं कुठं आहेत ते काठीनं टोचून बघायचे. तुमच्यापासनं एका हाताच्या अंतरावर असायचे आणि मला सांगायचे, "वयनी, त्याला म्हनावं फुडं गटार हाय."

तुम्ही पण मलाच सांगायचा, "ऐकलं म्हनावं."

मी वर बसून ट्रॅक्टर चालवायचे का तुमचे निरोप पोचवायचे? पण पोचवले. आपली गल्ली झाली, मग पलीकडची, मग देवळामागची. पुढच्या पुरानंतर शेजारच्या गावांनी बोलावलं तेव्हाही तुम्ही दोघं असेच गेलात, आणि मधी मी. माणसं म्हणायची, भाऊ भाऊ एक झाले. मला तेवढं खात्रीनं सांगता यायचं नाही. काम एक झालं होतं. बोलणं माझ्याच तोंडातनं चालायचं.

आता तुम्हाला कधी न सांगितलेलं सांगते. त्या घाणीत मी सुखात होते. घरात सगळं धान्य कुजलेलं, भिंतींना ओल, बाग उभी वाळतीय, आणि मी सकाळी कधी एकदा ट्रॅक्टरवर बसते असं व्हायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण पहिल्यांदा एक काम मिळून करत होतो. तुम्ही हात वर केला की मी थांबत होते, मी मान हलवली की तुम्ही पिन बदलत होता. बर्फातल्या गाडीच्या काचेआड तुम्ही कसे असायचा ते मला आता काचेशिवाय, समोरासमोर दिसत होतं. तुम्ही माझ्याकडं बघून ओरडायचा, आणि मला वाटायचं, हा माणूस आत्ता घरी आला. हे मी कुणाला सांगणार? पुरात ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यात मी सुखी होते असं सांगायची लाज वाटते. तुम्हालाही नाही सांगितलं. वाटायचं, तुम्हाला कळलं असेल. कळलं होतं का?

दर वर्षी मृग लागायच्या आत तुम्ही पातं चढवून ठेवायचा. पूर येवो न येवो. यंदा डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून सांगितलं होतं, मी पण सांगितलं होतं. भाऊजींना हाक मारू, मिस्त्रींचा माणूस बोलवू. तुम्ही ऐकलं नाही. मी बाजारातनं आले तेव्हा तुम्ही एकट्यानं जॅक लावून पातं चढवलं होतं आणि भिंतीला टेकून धापा टाकत होता.

मी लय बोलले तुम्हाला. अंगात होतं ते सगळं बोलले. गावाची एवढी काळजी हाय आन् माझी न्हाई, तुमचं काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, भाऊ समोर राहतोय त्याला हाक मारायला जीभ झडती का. शेवटचं वाक्य तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणालात, "तू मधी पडू नगो."

"आयुष्यभर मधीच हाय मी," मी म्हटलं.

त्यावर तुमचं उत्तर यायचं होतं. दोनतीन दिवस आपण मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होतो. मग त्या सकाळी तुम्ही बागेत ठिबकचा फिल्टर धुवायला गेलात. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तुम्ही फिल्टरशेजारी बसला होता, पाठ खांबाला, पाणी नुसतं वाहत होतं. मी आधी व्हॉल्व्ह बंद केला. का ते माहीत नाही. माणसांना हे सांगितलं की ती माझ्याकडं चमत्कारिक बघतात. पाणी वाया गेलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून केलं असेल.

माझा राग अजून गेलेला नाही, ऐकताय ना? भांडण असं अर्ध्यावर टाकून जायचं नसतं. रडताना मधेच मला राग येतो आणि रडणं थांबतं. आणि मग दुपारी ट्रॅक्टरच्या पोटाखालचे ते दोन च्यानल दिसले की वाटतं, ह्या माणसानं मला एकदा तरी आपल्या शेजारी घेतलं होतं. किती बायकांना तेवढं मिळतं?

आज सकाळी भाऊजी आले. पायरीवर बसले, आत आले नाहीत. पाऊस असाच राहिला तर पानांवर डावणीची बुरशी येईल, फवारणी लांबवून चालणार नाही, असं म्हणाले. पुढं पातं असलं की ओळीच्या शेवटाला ट्रॅक्टर वळत नाही. "काडू का ते, वयनी? फवारा झाला की परत चडवू."

मी हो म्हटलं. ते पान्हा घेऊन खाली बसले, मी पिना ओढल्या. पातं जॅकवर उतरलं तेव्हा दोघंही घामाघूम झालो होतो. एवढं वजन तुम्ही एकट्यानं कसं चढवलंत? भाऊजी पात्याला पाठ लावून खालीच बसले. गुडघ्यात डोकं घातलं. तुमच्यासारखेच बसतात हो ते, मान खाली घालून. मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

मला राहवलं नाही. विचारलं, "भाऊजी, त्या पुरात तुमच्या दारात गाळ गेला तवा... उतार खरंच तिकडं व्हता का?"

त्यांनी वर बघितलं. "व्हता की. ल्हानपनापासनं पानी आमच्याच दारात येतंय. मला काय ठावं न्हवतं व्हय?"

"मग भांडला कशापायी?"

भाऊजींनी पान्हा या हातातनं त्या हातात घेतला. मग म्हणाले, "तो माज्या दाराम्होरं उभा व्हता, वयनी. कितीतरी वर्सांनी. काय तरी बोलायला नगो? दुसरं काय सुचंना."

गल्लीतनं कुणीतरी सायकल घेऊन गेलं, आमच्याकडं बघितलं, आणि थांबावं का जावं हे न कळून पुढं गेलं. भाऊजींनी हात पुसले. पान्हा जागेवर ठेवला. निघाले, आणि परत वळून उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा असा केला की मला बघवेना.

"वयनी, एक इच्यारू? दादा घरात कवा माजं नाव काडायचा का वो?"

तुम्हाला माहीत आहे खरं काय ते. तुम्ही कधी काढलं नाहीत. एकदाही नाही. मीच काढलं तर उठून जायचा.

मी म्हटलं, "रोज काडायचे. जेवायला बसले की पहिलं, शंकर जेवला आसंल का, म्हनायचे."

भाऊजी "व्हय?" म्हणाले. मग परत एकदा, हळू, "व्हय?" आणि तोंड वळवून गेले.

मी खोटं बोलले. तुमच्या नावानं बोलले, तुम्हाला न विचारता, कारण मला ते खोटं वाटत नव्हतं. आयुष्यभर तुमचे निरोप पोचवलेत मी, हा एक माझ्या मनानं पोचवला. आता काही बोलू नका. असू द्या तसंच.